भाजीचा वाटा कुणाला परवडतो?

लहानपणी आई बाजाराला नेहमी दिवेलागणीला जायची. सकाळची भाजी ताजी असते हे तिला ठाऊक होतं. पण संध्याकाळी बाजार उतरतो. गावाकडं परतायची घाई झालेल्या बायका उरलेला माल वाट्यावर लावतात. पोत्यावर लहान लहान ढीग मांडलेले असतात: टोमॅटोचा वाटा, वांग्यांचा वाटा, मिरच्यांचा वाटा. तराजू बाजूला ठेवलेला. आई दोन वाटे घ्यायची आणि तिसऱ्यातली चार वांगी वर घालून मागायची. कृष्णाकाठची वांगी, म्हणजे नुसत्या तेलामिठावर परतली तरी भाकरी कमी पडावी अशी.

तोच 'वाटा' शब्द हल्ली आमच्या सांगलीत वेगळ्या अर्थानं कानावर येतो. शहरातली पंचवीस-तीस घरं एकत्र येऊन एखाद्या शेतकऱ्याला हंगामाच्या आधी पैसे देतात आणि पुढं दर आठवड्याला त्याच्या शेतातली भाजी पिशवी भरून घेतात. कल्पना चांगली आहे आणि मला मनापासून पटलेली आहे. पण विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत अशी पिशवी यायला लागली, तेव्हा तीन घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींनी मला विचारलं, "वैनी, आमाला पण मिळंल का ही भाजी?" मी उत्साहानं सगळं समजावलं, आकडा सांगितला. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "भाजी महाग नाय हो. पैसं एकदम मागत्यात."

या एका वाक्यात प्रश्नाचा निम्मा उलगडा आहे. महाग असणं आणि न परवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि त्यांची गल्लत झाली की चांगल्या हेतूनं सुरू केलेल्या योजनाही फसतात. म्हणून हे सगळं जरा उलगडून लिहिते आहे.

आधी मूळ पद्धत काय आहे ते बघू. जपानमध्ये १९७० च्या दशकात कीटकनाशकांच्या काळजीनं गृहिणी आणि शेतकरी थेट एकमेकांशी जोडले गेले. त्याला ते 'तेइकेइ' म्हणतात, म्हणजे साधारण भागीदारी. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशर या राज्यांतल्या दोन शेतांवर ही पद्धत सुरू झाली आणि तिथं तिला 'कम्युनिटी सपोर्टेड अ‍ॅग्रिकल्चर', थोडक्यात सीएसए, असं नाव पडलं. गाभा सगळीकडं एकच आहे. शेतकऱ्याला बी-बियाणं, खत, मजुरी यांचा पैसा पीक हातात यायच्या आधी लागतो. तो पैसा सावकाराकडून किंवा कर्जातून येण्याऐवजी खाणाऱ्यांकडून येतो. बदल्यात खाणाऱ्यांना पिकाचा वाटा मिळतो, आणि पीक कमी आलं तर वाटाही कमी येतो.

सांगली-साताऱ्याच्या माणसाला शेअर हा शब्द शिकवावा लागत नाही. साखर कारखान्याचा शेअर आपल्या आजोबांनी घेतलेला असतो, दिवाळीला सभासदांची सवलतीची साखर घरी येते. आणि ज्यांच्याकडं एकरकमी पैसे नव्हते, त्यांच्या शेअरची रक्कम ऊसबिलातून हप्त्याहप्त्यानं कापून घेतली जायची. म्हणजे गरिबाला सभासद करून घ्यायचं असेल तर पैसे मागायची वेळ बदलावी लागते, ही अक्कल आपल्या भागात फार जुनी आहे. भाजीच्या बाबतीत तिचा विसर पडला, एवढंच.

आता आकडे मांडते. हे कुठल्या एका गटाचे नाहीत, समजण्यासाठी धरलेले आहेत. पण आपल्याकडच्या भावांना धरूनच आहेत.

समजा तीस घरं आहेत. हंगाम दिवाळी ते गुढीपाडवा, म्हणजे साधारण वीस आठवडे. आपल्याकडं भाजीला हाच सगळ्यात चांगला काळ. गणपतीनंतर रोपं टाकायची, दिवाळीपासून तोडणी. दर आठवड्याला प्रत्येक घराला सहा किलो भाजी. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते. त्या हिशेबानं चार माणसांच्या घराला आठवड्याला अकरा किलो लागतील. म्हणजे सहा किलो ही चैन नव्हे, गरजेची निम्मी भर आहे. किलोला सरासरी ५० रुपये धरले तर पिशवी ३०० रुपयांची. वीस पिशव्या म्हणजे ६,००० रुपये. तीस घरांचे मिळून १,८०,००० रुपये. एवढ्यात शेताचा सगळा खर्च, शेतकऱ्याच्या घरच्यांची मजुरी, गाडीभाडं आणि अडीअडचणीसाठी थोडी गंगाजळी बसवायची.

मावशींच्या महिन्याच्या कमाईतून भाडं, गॅस, पोरांच्या शाळेचा खर्च गेला की जे उरतं त्यातून ६,००० रुपये एका दिवशी बाहेर काढणं म्हणजे कुणाकडून तरी उसने घेणं. पण आठवड्याला भाजीवर दोन-अडीचशे रुपये त्या आजही खर्च करतात. पैसा आहे, तो एका दिवशी एका जागी नाही.

इथं पहिली सूचना येते ती हप्त्यांची. आणि लगेच शेतकऱ्याची रास्त शंका येते: "सगळ्यांनी हप्त्यानं दिलं तर मी बी कशातून आणू?" शंका खरी आहे, पण 'सगळ्यांनी' हा शब्द तिच्यात उगाच शिरला आहे. शेतकऱ्याला पहिल्या दिवशी १,८०,००० लागतच नाहीत. त्याच्यासोबत वही घेऊन बसायचं आणि पहिली तोडणी होईपर्यंत लागणारा खर्च तेवढा लिहायचा: रोपवाटिकेतली रोपं, शेणखत, ठिबकची दुरुस्ती, मल्चिंगचा कागद, मशागत, पहिल्या दोन महिन्यांची भांगलण. समजा तो ८०,००० निघाला. एका वाट्याचे ६,००० धरले तर चौदा घरांनी आधी पैसे दिले की काम भागतं. उरलेली सोळा घरं दर आठवड्याला पिशवी घेताना ३०० रुपये देऊ शकतात, आणि शेतकऱ्याचं कुठंही अडत नाही.

सगळ्यांकडून आगाऊ रक्कम घेण्याची प्रथा बहुतेक गटांमध्ये केवळ सोयीसाठी पडलेली असते. हिशेब ठेवायला सोपं जातं म्हणून. त्या सोयीची किंमत मावशींसारखी घरं मोजतात. त्यामुळं कुठलाही नवा गट सुरू होताना 'वाटा कितीला' हा प्रश्न मागं ठेवावा आणि 'पहिल्या तोडणीपर्यंत किती लागणार' हा आकडा आधी काढावा, असं मला ठामपणे वाटतं.

हप्त्याऐवजी कर्ज हा मार्ग काही जण सुचवतात. बचत गटातून उचल घ्या, आधी भरा, मग फेडा. करून बघा हिशेब. शेकडा दोन रुपये महिना व्याजानं ६,००० उचलले आणि पाच महिन्यांत सारख्या हप्त्यांनी फेडले तर व्याजाचे ३६० रुपये होतात. म्हणजे तीच भाजी गरीब घराला ६,३६० ला पडली आणि बंगल्यातल्या घराला ६,००० ला. दुकानात सुटं घेणाऱ्याला नेहमी जास्त मोजावं लागतं, दहाच्या पुडीतलं तेल डब्यातल्या तेलापेक्षा महाग पडतं, तसंच हे. न्यूयॉर्कमधल्या काही गटांनी यावर फिरता निधी हा तोडगा काढला: निधीतून शेतकऱ्याला आधी पैसे मिळतात, घरं हळूहळू भरतात, निधी पुन्हा भरतो, आणि व्याज नसतं. आपल्याकडं फिरत्या निधीची गरज तेव्हाच पडेल, जेव्हा आधी पैसे देऊ शकणारी घरं त्या चौदाच्या आकड्यापेक्षा कमी भरतील.

पिग्मीचा मात्र जरूर विचार करावा. सांगली-साताऱ्याकडं पतसंस्थेचा पिग्मी एजंट दुकानादुकानांत, घराघरांत रोज येतो. रोज ३० रुपये बाजूला पडले तर पाच महिन्यांत साडेचार हजार जमतात. पण पतसंस्था बुडाल्यावर काय होतं तेही आपल्या भागानं पाहिलं आहे. माझ्या माहितीतल्या एका बाईंचे पोरीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे असेच अडकले आणि लग्न वर्षभर लांबलं. त्यामुळं कुणाच्याही घामाचा पैसा भाजीसाठी महिनोन्‌महिने कुठं साठवून ठेवण्यापेक्षा पिशवी घ्या, पैसे द्या, हेच मला बरं वाटतं.

हप्त्यानं वेळेची अडचण सुटली. पण काही घरांना ३०० रुपये आठवड्यालाही जास्तच आहेत. तिथं भाव कमी करावा लागेल, आणि तो कुणाच्या खिशातून, हा खरा प्रश्न आहे.

सगळ्यात सोपं उत्तर, आणि सगळ्यात चुकीचं, म्हणजे शेतकऱ्यानं कमी घ्यावं. गरिबाला स्वस्त भाजी मिळावी म्हणून दुसऱ्या गरिबाला पिळायचं. जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये टोमॅटो शंभरीपार गेला तेव्हा गावभर बोंबाबोंब झाली, आणि थोड्याच आठवड्यांत भाव इतका कोसळला की शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. ओतलेल्या त्या टोमॅटोतून कुणाच्या घरची मजुरी गेली याची चर्चा फारशी झाली नाही. वाट्याच्या शेतीचा अर्थच हा आहे की शेतकऱ्याचा खर्च आणि त्याची मजुरी आधी पक्की. १,८०,००० चे १,७०,००० करायचे नाहीत. त्या आकड्याच्या आत कोण किती उचलतो एवढंच हलवायचं.

कसं ते बघा. दहा घरं ७,२०० देतात, बारा घरं ६,००० देतात, आठ घरं ४,५०० देतात. पहिल्या गटाचे ७२,०००, दुसऱ्याचे ७२,०००, तिसऱ्याचे ३६,०००. बेरीज १,८०,०००. शेतकऱ्याला पै न पै मिळाली. वरच्या घरावर आठवड्याला ६० रुपयांचा भार पडला, आणि खालच्या घराची पिशवी ३०० वरून २२५ वर आली. ६० रुपये म्हणजे विश्रामबागेत दोन माणसांचा चहा-वडापाव. यापेक्षा स्वस्तात शेजारच्या घरात भाजी पोचवण्याचा मार्ग मला तरी माहीत नाही.

आता याला मघाचा वेळेचा हिशेब जोडा. ७,२०० देणारी दहा घरं आणि ६,००० देणारी दोन घरं, एवढ्यांनीच आधी पैसे दिले तर ८४,००० जमतात. सुरुवातीच्या ८०,००० ला ते पुरतात आणि ४,००० हातात उरतात. बाकीच्या अठरा घरांकडून दर आठवड्याला येतात ४,८००, म्हणजे वीस आठवड्यांत ९६,०००. त्यात उरलेले ४,००० मिळवले की पुढच्या खर्चाचे १,००,००० बरोबर जुळतात. एका पानावर मावणारा हिशेब आहे हा. तो गटातल्या प्रत्येकाला दिसायला हवा, म्हणजे 'आमच्या पैशातून दुसऱ्यांना फुकट' ही कुजबुज सुरूच होत नाही. फुकट कुणालाच काही मिळत नाही.

जर्मनीत हॅम्बुर्गजवळ बुशबर्गहोफ नावाचं शेत आहे. तिथं १९८८ पासून याच्याही पुढची रीत आहे. वर्षाचा खर्च सभासदांसमोर मांडतात आणि प्रत्येक घर आपल्याला काय झेपेल ते स्वतः ठरवतं. वाट्याला भाव असा नसतोच. त्या देशातल्या पुष्कळ गटांत आता हे चिठ्ठ्यांवर चालतं: प्रत्येकानं नाव न सांगता आकडा लिहायचा, बेरीज करायची, कमी पडली तर दुसरी फेरी. आपल्याकडच्या लिलावाच्या भिशीची आठवण येते. फक्त तिथं ज्याला जास्त नड असते तो जास्त घाटा सोसतो आणि रक्कम उचलतो. इथं उलटं आहे. ज्याची नड कमी, तो जास्त उचलतो. ओळखीच्या तीस घरांत हे जमण्यासारखं आहे. पहिल्याच वर्षी मात्र करू नये. आधी एकमेकांचा आणि शेतकऱ्याचा विश्वास बसू द्यावा.

तीन दर ठेवले की लगेच कुणीतरी विचारतं, "आणि कमी दराला खरंच गरीब कोण हे कसं ओळखायचं? दाखला मागायचा का?"

नाही मागायचा. हे मी अगदी कळकळीनं सांगते. उत्पन्नाचा दाखला काढायला तहसील कचेरीत हेलपाटे पडतात, त्यात दिवसाची हजेरी बुडते. पिवळं रेशनकार्ड बघून दर ठरवला तर केशरी कार्डवाली पण आजारपणानं खंगलेली घरं बाहेर राहतात. आणि कागदाच्या पलीकडं एक गोष्ट आहे, मान. आपल्या गावगाड्यात वाटा या शब्दाला एक जुना डाग आहे. खळ्यावर बलुतं मिळायचं तोही वाट्याचाच प्रकार होता. त्यात कामाचा हक्क होता, पण कितीतरी लोकांना तो लांब उभं राहून, पदर पसरून घ्यावा लागला. भाजीच्या वाट्यात त्याची सावलीसुद्धा पडता कामा नये.

म्हणून दर ज्यानं त्यानं निवडायचा. मदतीला तीन-चार साधे प्रश्न द्यायचे. घर स्वतःचं की भाड्याचं? महिन्याला ठरलेला पगार येतो की काम मिळेल तसं? अचानक दवाखाना निघाला तर हात उसना न करता पाच हजार काढता येतील का? उत्तरं कुणाला सांगायची नाहीत, स्वतःशी द्यायची. कुणी कुठला दर घेतला हे फक्त वही सांभाळणाऱ्याला माहीत. आणि पिशवी सगळ्यांची एकच. एकाच रंगाची, एकाच ढिगातून भरलेली, एकाच रांगेत मिळणारी. कमी दराच्या पिशवीत किडकी वांगी गेली की ती योजना संपली असं समजावं.

कुणी खोटं बोलून कमी दर घेईल का? घेईलही एखादा. तीसमध्ये एका घरानं वीस आठवडे ७५ रुपये कमी दिले तर गटाचं दीड हजारांचं नुकसान होतं. त्या एकाला पकडण्यासाठी आठ घरांना कागद घेऊन उभं करण्याची किंमत मला त्याहून मोठी वाटते.

बाहेरून मदत आणता येते का, हाही प्रश्न येतो. अमेरिकेत सरकार गरीब घरांना अन्नासाठी कार्डावर पैसे देतं, त्याला 'स्नॅप' म्हणतात. ते पैसे सीएसएला देता येतात, पण अट अशी की भाजी हातात येण्याच्या जास्तीत जास्त १४ दिवस आधीच शेतकऱ्याला ते घेता येतात. म्हणजे तिथंही आगाऊ हंगामाची रक्कम हीच अडचण झाली आणि गटांना आठवड्याच्या हिशेबावर यावं लागलं. डेट्रॉइटमध्ये २००९ पासून 'डबल अप फूड बक्स' नावाची योजना आहे. त्यात या कार्डावर घेतलेल्या भाजीइतकीच आणखी भाजी मिळते. मॅसॅच्युसेट्स राज्यानं २०१७ मध्ये एक योजना आणली. स्थानिक शेतकऱ्याकडून भाजी घेतली की तेवढे पैसे कार्डावर परत, घरातल्या माणसांप्रमाणं महिन्याला ४०, ६० किंवा ८० डॉलरपर्यंत. लोकांनी ती उचलून धरली. पण डिसेंबर २०२४ मध्ये निधी अपुरा पडला म्हणून मर्यादा सगळ्यांसाठी २० डॉलरवर आली. सहा माणसांच्या घराचे ८० चे २० झाले. सरकारी पैसा जरूर घ्यावा, पण गटाचा कणा त्याच्यावर उभा करू नये, असं यावरून मला वाटतं.

आपल्याकडं २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. याचं मोल फार मोठं आहे. पोट भरतं. पण रेशनच्या पिशवीत भाजी नाही. त्यामुळं हातात पैसा कमी पडला की पहिला काट भाजीवर बसतो, आणि ताटात भात आणि पातळ आमटी उरते. भाजीसाठी सरकार काही देईपर्यंत थांबायचं नसेल तर आपापसातच काहीतरी करावं लागेल.

आपापसात करण्याचा आपल्या भागाचा वारसा लहान नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांचं घराणं ऐतवडे बुद्रुकचं, म्हणजे सांगली जिल्ह्यातलं. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभं केलं. पोरांना जेवू घालायला पैसा नव्हता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्र मोडलं, हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. त्याच्याइतकीच मोठी गोष्ट मुष्टिफंडाची. घराघरांतल्या बायकांनी रोज मूठभर धान्य बाजूला टाकायचं आणि ते वसतिगृहाला द्यायचं. मूठ कुणालाच जड झाली नाही आणि पोरं शिकली.

भाजीच्या गटात ही मूठ सहज बसते. पिशवी घेताना ज्याला वाटेल त्यानं दहा-वीस रुपये डब्यात टाकावेत. घरात वाढदिवस असेल, आजीचं वर्षश्राद्ध असेल, तर एका घराचा महिन्याचा फरक भरावा. आपल्या उदाहरणात तो ३०० रुपये होतो. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात फेअरशेअर ही शेतांची संघटना 'पार्टनर शेअर्स' नावाचा असाच निधी चालवते. त्यासाठी लोक सायकलवरून शेताशेतांना भेट देत फिरतात आणि त्या फेरीतून पैसे जमतात.

भाऊरावांची दुसरी देणगी 'कमवा आणि शिका'. सीएसएमध्येही कामाच्या बदल्यात वाटा ही पद्धत आहे: आठवड्यातून काही तास शेतात तोडणी, निवडणं, पिशव्या भरणं, आणि त्या बदल्यात भाजी. ऐकायला हे फार सुंदर वाटतं, पण इथं सावध राहायला हवं. गरीब माणसाकडं सगळ्यात कमी काय असेल तर तो मोकळा वेळ. मावशींनी रविवारची सकाळ शेतात घालवायची तर एका घरचं काम सोडायचं. कामाचा वाटा ठेवायचा असेल तर तो तिन्ही दरांच्या घरांना खुला हवा, आणि तासाचा भाव गावात चालणाऱ्या शेतमजुरीच्या खाली नको. नाहीतर पैसेवाली घरं पैसे देतात आणि गरीब घरं राबतात, हा जुनाच गावगाडा नव्या पिशवीत भरल्यासारखं होईल.

एक मुद्दा या सगळ्या चर्चेत हमखास निसटतो, तो जोखमीचा. पीक गेलं तर सगळ्यांचं गेलं, हे या पद्धतीचं ब्रीद. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. नदीकाठची शेतं दिवसेंदिवस पाण्याखाली होती. आणि त्याच पाण्यात शहरातल्या कितीतरी गरीब वस्त्याही होत्या. आता विचार करा: ज्यानं हंगामाचे पैसे आधी भरलेत त्या बंगल्यातल्या घराची चार महिन्यांची भाजी गेली, ते मंडईतून दुसरी आणेल. मावशींनी तेच केलं असतं तर घरही पाण्यात आणि भाजीचे पैसेही पाण्यात. जोखीम सारखी वाटून घेतली तरी तिचं ओझं सारखं नसतं. म्हणून आठवड्याला पैसे देणाऱ्या घरांनी पिशवी आली तरच पैसे द्यावेत. परतीच्या पावसानं दोन आठवडे तोडणी झाली नाही तर त्यांच्याकडून काही मागू नये. हे ओझं आगाऊ देणाऱ्या घरांनी आणि हिशेबात धरलेल्या गंगाजळीनं उचलावं. नाहीतरी आगाऊ देणाऱ्यांची हीच तर खरी भागीदारी.

पैशाचं सगळं जुळलं तरी पिशवी घरात जिरायला हवी. घरात फ्रीज नसेल तर सहा किलो भाजी शनिवारी आणून मंगळवारी शेपू पिवळा पडतो. अशा घरांना तीन-तीन किलोच्या दोन पिशव्या, बुधवारी आणि शनिवारी, जास्त उपयोगाच्या. यात भरण्याचा आणि नेण्याचा खर्च थोडा वाढतो. तो त्या घरांच्या अंगावर न टाकता एकूण खर्चात धरायचा, म्हणजे पुन्हा 'सुटं महाग' व्हायचं नाही. पालेभाजी दोन दिवसांत संपेल एवढीच द्यावी, बाकी टिकणारं: कोबी, गाजर, मुळा, कांदे, घेवडा, पावटा. हौशी गटांना ब्रोकोली आणि झुकिनी लावायची फार हुक्की येते. ज्या घरात पोरांनी एकदा नाक मुरडलं की त्या वेळचं जेवणच वाया जातं, तिथं नवी भाजी चाखून बघण्याची ऐपत नसते. मेथी, वांगी, टोमॅटो, फ्लॉवर, हरभऱ्याची कोवळी भाजी, कांदापात हे दर आठवड्याला पाहिजे. नको असलेली भाजी ठेवून दुसरी उचलायला पिशव्या वाटायच्या जागी एक टोपली ठेवावी. खर्च शून्य आणि तक्रारी निम्म्या.

आणि वाटायची जागा, वेळ. कुपवाड किंवा मिरजेच्या एमआयडीसीत पाळी करणाऱ्याला सकाळी साडेदहाला विश्रामबागेत या म्हटलं की त्याला नको म्हटल्यासारखंच आहे. वस्तीजवळचं देऊळ, अंगणवाडी, एखाद्याचं किराणा दुकान, संध्याकाळी साडेसहा ते आठ. पैसे रोख चालले पाहिजेत, मोबाइलवर चालले पाहिजेत, आणि एखाद्या आठवड्यात नसतील तर पुढच्या आठवड्यात चालले पाहिजेत. चार आठवडे कुणी आलंच नाही तर वही सांभाळणाऱ्यानं घरी जाऊन विचारावं. वसुलीच्या सुरात नको. बहुतेक वेळा दवाखाना निघालेला असतो, किंवा बाळंतपणाला लेक आलेली असते.

मावशींना मी हे सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी वहीवरचे आकडे दाखवून. मधला दर त्यांनी स्वतःहून घेतला. मी खालच्या दराकडं बोट दाखवलं तर म्हणाल्या, "सध्या पोरगा कामाला लागलाय. ते दुसऱ्या कुणाला ठेवा." मग त्यांनी विचारलं की वांगी कुठल्या गावची आणि शेपू दर आठवड्याला येणार का, कारण घरात शेपू त्यांच्याशिवाय कुणीच खात नाही. मी त्यांना टोपलीचं सांगितलं.